एकाच अर्जदाराचं वैविध्य

माणूस कोण आहे हे त्याला नोकरी देताना बघायचं नाही, असं एकदा ठरलं की माणूस कोण आहे हे आधी नीट विचारून घ्यावं लागतं. नाहीतर आपण नेमकं काय बघितलं नाही, हे कळणार कसं?

या भक्कम तत्त्वावर हार्नबी नगरपरिषदेचा 'समान संधी देखरेख कक्ष' उभा होता. कक्ष म्हणजे डेस्मंड फॉदरगिल. गेली बावीस वर्षं, तळघरात, बॉयलरच्या पलीकडे. नोकरीच्या प्रत्येक अर्जाला दोन पानांची एक पुरवणी असे. वय, वंश (अठरा पर्याय, शिवाय 'इतर'), धर्म, अपंगत्व, घरी कुणाची देखभाल करता का, ओढ कुणाची वाटते, वगैरे. प्रत्येक प्रश्नाखाली 'सांगायचं नाही' हा चौकोन होताच. पुरवणीवर नाव नसे. ती छिद्रांच्या रेषेवर फाडून खाली डेस्मंडकडे यायची आणि अर्ज वर निवड समितीकडे जायचा. म्हणजे माणूस कसा आहे ते समितीला कळत नसे, आणि कोण आहे ते डेस्मंडला.

दरवर्षी हिरव्या पुठ्ठ्याचा अहवाल निघे. त्यातून परिषदेला फार मोलाची माहिती मिळे. उदाहरणार्थ, बागखात्याच्या एकेचाळीस टक्के अर्जदारांना वय सांगायचं नव्हतं (उरलेल्यांनी सांगितलेलं खरं नव्हतं). उंदीर पकडणाऱ्याच्या जागेसाठी आलेल्या एकाने धर्माच्या रकान्यात 'रविवारी सुट्टी हवी' असं लिहिलं होतं. डेस्मंडने बराच विचार करून ती नोंद 'इतर'मध्ये घेतली.

मार्चमध्ये शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून देण्याची जागा निघाली. लांब दांड्याची गोल पाटी घेऊन गाड्या थांबवायच्या, सकाळी चाळीस मिनिटं, दुपारी चाळीस. पिवळा कोट परिषदेचा, पाऊस ज्याचा त्याचा. तीनदा जाहिरात दिल्यावर एक अर्ज आला. त्यामुळे खाली निनावी पुरवणीही एकच आली.

"एकच आलाय रे," नोकरभरती खात्याच्या प्रमुख गिलियन ओक्स चहाच्या रांगेत म्हणाल्या. "क्वारी स्ट्रीटच्या लॉर्नाचा. तुझ्या शेजारीच राहते ना ती?"

राहत होत्या. सोळा नंबरला लॉर्नाबाई, अठराला डेस्मंड. अकरा वर्षांत दोघांचं बोलणं हवामान आणि कचऱ्याचा डबा यांपलीकडे गेलं नव्हतं. दर मंगळवारी कचरागाडी येऊन गेली की डेस्मंड आपल्या डब्याबरोबर त्यांचाही डबा आत ओढून ठेवी. त्या खिडकीतून हात हलवत. प्रकरण एवढंच होतं.

आता पुरवणी त्याच्या टेबलावर होती. लॉर्नाबाईंनी चौकोन सोडून समासात लिहिलं होतं.

अपंगत्व: 'उजवा गुडघा, पण जिने उतरतानाच. या नोकरीत हाताशी दांडा मिळेल हे वाचून बरं वाटलं.'

देखभाल: 'आईची केली, नऊ वर्षं. आता कुणी नाही. सवय जात नाही, केक कापताना तुकडे दोनच होतात.'

वैवाहिक स्थिती: 'कुणी विचारलं नाही. (तुम्ही आत्ता विचारलंत ते सोडून.)'

ओढ: 'एकसष्टाव्या वर्षी हे पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं, आभारी आहे. पुरुषांची. घाई नाही.'

आणि शेवटी, 'आणखी काही सांगायचं आहे का' याखाली: 'शेजारचे गृहस्थ माझा डबा आत ओढतात. त्यांना एकदा चहाला बोलवावं असं फार वाटतं. पण ते समान संधीवाले आहेत. एकट्यालाच बोलवलेलं त्यांना चालेल का, कळत नाही.'

डेस्मंडने पुरवणी तीनदा वाचली (नियमाने एकदा वाचायची असते). त्याचे कान लाल झाले. मग त्याने नियमावली काढली. कलम सहा स्पष्ट होतं: पुरवणीतल्या माहितीच्या आधारे कक्षाने कोणतीही कृती करू नये. चहाला जाणं ही कृती होतीच. आणि नीट पाहिलं तर, आता डबा ओढणं हीसुद्धा.

त्या मंगळवारी सोळा नंबरचा डबा रस्त्यावरच राहिला. पुढच्या मंगळवारीही. खिडकीतला हात पहिल्या वेळी अर्धाच वर गेला, आणि दुसऱ्या वेळी पडदाच ओढला गेला. डेस्मंडला दोन्ही रात्री जेवण गेलं नाही. त्याची नोंद करायला रकाना नव्हता.

दरम्यान त्याने आकडे वर पाठवले. अर्जदारांत महिला शंभर टक्के, दुखरा गुडघा शंभर टक्के, केकचे दोन तुकडे शंभर टक्के. इतका एकमुखी निष्कर्ष बावीस वर्षांत निघाला नव्हता.

गिलियनबाई स्वतः खाली आल्या. "अरे, वैविध्य शून्य टक्के! किमान तीस लागतं. जागा रद्द करून जूनमध्ये पुन्हा जाहिरात द्यावी लागणार."

"पण त्यांना काम हवंय. आणि मुलं तोवर रस्ता कसा ओलांडणार?"

"तो वाहतूक खात्याचा प्रश्न. आणि 'त्या' कोण? पुरवणी निनावी आहे, डेस्मंड. तुला माहीत असलं तरी तुला माहीत नाही."

त्या संध्याकाळी डेस्मंडने त्याच जागेसाठी अर्ज केला आणि आयुष्यात पहिल्यांदा पुरवणी स्वतः भरली. पुरुष. सत्तावन्न. दोन्ही गुडघे ठीक. अर्जदार दोन झाले आणि वैविध्य एका रात्रीत पन्नास टक्क्यांवर गेलं. परिषदेच्या इतिहासात एवढी प्रगती एवढ्या थोड्या शाईत झाली नव्हती.

अर्जदार दोन, म्हणून समितीने रस्त्यावरच परीक्षा ठेवली. त्या सकाळी दोघं शाळेसमोरच्या बाकावर बसले. मध्ये एका माणसाची जागा.

"आधी डबा," लॉर्नाबाई समोर बघत म्हणाल्या, "आणि आता नोकरी. माझं काही चुकलं असेल तर तोंडावर सांगा ना, मिस्टर फॉदरगिल."

"मला सांगता येत नाही."

"येत नाही, की सांगायचं नाही? त्याला चौकोन आहे म्हणे तुमच्याकडे."

डेस्मंडने टोपी काढली, पुन्हा घातली. "तुम्ही एकट्याच होतात. एकटं माणूस आमच्या नियमात बसत नाही. दुसरं कुणीतरी लागतं."

बाईंनी मान वळवली. डेस्मंड आपल्या बुटांशी बोलत होता. बावीस वर्षांत त्याने एकही कलम मोडलं नव्हतं, म्हणून मोडायचं कसं हे त्याला नीट ठाऊक नव्हतं.

"केकचा दुसरा तुकडा," तो म्हणाला, "मला चालेल."



"अहो, म्हणजे मनावर घेतलंत तर!" लॉर्नाबाई म्हणाल्या. "मला वाटलं, बघून न बघितल्यासारखं केलंत. नाहीतर एवढं कोण लिहितं हो फॉर्मात? तुम्हीच वाचता हे ठाऊक होतं म्हणून लिहिलं."

"एकट्यालाच बोलावताय ना?"

"गल्ली बोलावू का?"

परीक्षा निःपक्षपातीपणे झाली. लॉर्नाबाईंनी पाटी धरून एक बस, एक दूधगाडी आणि खुद्द गिलियनबाईंची मोटार थांबवली, आणि सव्वीस मुलं पलीकडे पोचवली. डेस्मंडने येणाऱ्या प्रत्येक गाडीला समान संधी दिली. त्याच्या वाट्याची मुलं दहा वाजता शाळेत पोचली. समितीने एकमताने लॉर्नाबाईंना निवडलं. कलम सहाच्या भंगाबद्दल कक्षाने स्वतःची चौकशी केली आणि स्वतःला ताकीद दिली. बुधवारी चार वाजता चहा झाला. त्यानंतर दर बुधवारी होतो. त्याचा तपशील उपलब्ध नाही.

जाता जाता एक. हार्नबीच्या लोकांची मला कीव येते. माणूस कुठला, कुणातला, हे जाणून घ्यायला बिचाऱ्यांना दोन पानं, अठरा चौकोन आणि एक तळघर लागतं. आपल्याकडे हे सगळं एका प्रश्नात उरकतं, तेही पाण्याचा पेला पुढे करता करता: "आडनाव काय म्हणालात?" या गोष्टीत लॉर्नाबाईंचं आडनाव मुद्दाम सांगितलेलं नाही, आणि वंशाच्या प्रश्नापुढे त्यांनी काय लिहिलं तेही. वाचताना तुमच्या मनात तो प्रश्न आलाच नसेल, तर उत्तम.

आपल्या मनात तो कधीच येत नाही, असं सांगणारे आपल्याकडे शंभर टक्के आहेत.