पडण्याचा पहिला मान

दातांचे डॉक्टर स्वयंपाकघरात सायकलवर बसून फ्रिजला मिठी मारून होते. बराच वेळ होते.

"अहो, दूध काढायचंय मला," बायको म्हणाली.

"काढ ना. फक्त दार उघडू नकोस."

बायकोने दार उघडलं. डॉक्टर सायकलसकट आधी ओट्यावर आणि मग बटाट्यांच्या टोपलीत गेले. पाय पेडलला चिकटलेलेच होते. बायकोने त्यांची एकेक टाच धरून हिसडली, तेव्हा सुटले.

"या वयात हे कोणी सांगितलंय तुम्हाला?"

सांगितलं कोणीच नव्हतं. विचारलं होतं, तेही लेकीने. "बाबा, रविवारी आमच्याबरोबर सायकलने टेकडीवर येशील?" एवढंच. ती कॉलेजात गेल्यापासून बापलेकीचं बोलणं 'वायफाय गेलंय' आणि 'येताना ब्रेड आण' यांच्यापुढे सरकलं नव्हतं. डॉक्टर विरघळले. आजवर तिला सायकलिंगला नेण्याचा मान तिच्या मामाकडे होता, आणि मामाने लगेच नाक खुपसलं. "दाजींना नाही झेपायचं. आम्ही सगळे बूट लॉक करून चालवतो."

या बुटांच्या तळव्याला एक पट्टी असते आणि ती पेडलमध्ये खट्‌कन अडकते. पाय सोडवायचा तर टाच बाहेर झटकायची. हे थांबायच्या आधी सुचावं लागतं. डॉक्टरांना ते थांबल्यावर सुचायचं. आणि चालती सायकल पडत नाही, थांबलेली पडते. तीही सावकाश, आपली फजिती कोण कोण बघतंय ते नीट दिसावं अशा बेताने. सिग्नलला ते आडवे झाले तेव्हा शेजारच्या स्कूटरवर त्यांचीच पेशंट होती.

"डॉक्टर, फार लागलं?"

"छे छे, काहीच नाही."

"मलाही तुम्ही असंच सांगता," बाई म्हणाल्या आणि सिग्नल सुटताच निघून गेल्या.

आठवडाभरात कोपर, गुडघा आणि अब्रू, सगळंच सोलवटून निघालं. आता सायकल नुसती दिसली तरी ते वाट बदलायचे. शनिवारी पेशंटच्या तोंडात आरसा धरून उभे असताना त्यांनी ठरवलं, लेकीला सरळ सांगायचं, मला जमत नाही. म्हणजे मग पुन्हा वायफाय आणि ब्रेड. इतक्यात समोरचा हलणारा दात चिमट्यात धरताच अलगद हातात आला, आणि डॉक्टरांच्या डोक्यात प्रकाश पडला. जे ढिलं असतं ते सहज निघतं! संध्याकाळी त्यांनी मोठ्या निगुतीने दोन्ही बुटांच्या पट्ट्यांचे स्क्रू ढिले केले.

इथे विद्या आडवी आली. स्क्रू ढिले झाले की बूट पट्टीवर गरागरा फिरतो आणि पट्टी पेडलमध्ये जिथल्या तिथे राहते. हे त्यांना रविवारी, घराजवळच्या पहिल्याच वळणावर कळलं. त्यांनी टाच झटकली. टाच वळून मागच्या चाकाकडे बघू लागली, पाय मात्र सुटला नाही. दुसराही तसाच.

थांबणं म्हणजे पडणं, तेव्हा ते जीव खाऊन पेडल मारत राहिले. चढावर मामा मागे पडला.

"दाजी, चहाला थांबायचंय!" तो खालून ओरडला.

"पुढे बघू!"

"बाबा, थांब ना रे!" पाठोपाठ येणारी लेक म्हणाली.

"दमलीस?" पुढे काय वाढून ठेवलंय ते ठाऊक असूनही हे विचारताना डॉक्टरांना थोडा अभिमान वाटलाच.

माथ्यावर रस्ता संपला. एक मोकळं मैदान, मग कठडा, मग दरी. डॉक्टर मैदानात गोल फिरू लागले. लेकही त्यांच्यामागे फिरू लागली.

"बाबा, तू थांब आधी."

"नको, तू थांब. मी मारतो अजून दोन चकरा."

"बाबा, प्लीज!"

डॉक्टरांचा धीर संपला. "बाळा, मला थांबता येत नाही. पायच सुटत नाहीत. आठवडाभर नुसता पडतोय मी. तुझ्याबरोबर यायचं होतं गं, म्हणून बोललो नाही."

लेकीने आधी मामा आलाय का ते पाहिलं. मग म्हणाली, "मलाही येत नाही."

"काय?"

"मी दर वेळी मामाचा खांदा धरून उतरते. पाय सुटतात रे माझे, पण पडायची इतकी भीती वाटते की सोडवतच नाही. मग मामा सगळ्यांसमोर हसतो. म्हणून तर तुला बोलावलं. म्हटलं, बाबा नाही हसणार."

म्हणजे आपल्याला सायकलवीर म्हणून नव्हे, तर खांदा म्हणून आणलंय. डॉक्टरांना वाईट वाटायला हवं होतं, पण त्यांचे डोळेच भरून आले. सायकलवर ते सोयीचं नव्हतं, कारण समोरचा कठडा दिसेना. मामाचा पत्ता नव्हता. पोटऱ्यांत गोळे यायला लागले. त्यांनी कडेचं गवत हेरलं.

"मी पडतो," ते म्हणाले. "तू माझ्याजवळ ये आणि मला धर."

"पडलेल्या माणसाला कसं धरू?"

"मग पाय ठेव माझ्यावर. मऊ आहे मी."

आणि डॉक्टर आयुष्यात पहिल्यांदा ठरवून पडले. भ्यायला वेळच नव्हता, मागून लेक येत होती.

"टाच!" ते गवतातून ओरडले. "बाहेर! झटक!"

खट्! लेकीचा पाय सुटला, बापाच्या पोटावर टेकला आणि तिथून जमिनीवर आला. डॉक्टरांच्या तोंडून एक आवाज निघाला, जो ते एरवी फक्त ऐकतात. लेक उभी होती.

"उतरले! बाबा, मी उतरले!"

तेवढ्यात मामा धापा टाकत पोचला आणि सवयीने तिच्यापुढे खांदा करून उभा राहिला. त्याची नजर गवतात गेली. "पडलात ना शेवटी, दाजी!"

"पडला नाही तो," लेक म्हणाली. "बाबाने मला उतरवलं."

मामाने खांदा हळूच मागे घेतला. लेक हसत होती, आणि डॉक्टर सायकलसकट आभाळाकडे बघत आडवे होते.

"ते ठीक आहे," ते खालून म्हणाले. "आता मला कोण उतरवणार?"