पाठ शेकायची जागा

सगळे मोजे एकदम धुवायला टाकले, ही माझी पहिली चूक. शहाण्या माणसानं एक जोड मागे ठेवला असता. मी मात्र नुसत्या सपातांवर वसतिगृहाच्या तळघरात मशीन थांबायची वाट बघत उभा राहिलो. कंटाळून सपाता काढल्या, भिंतीकडे सरकलो आणि अनवाणी पाऊल फरशीवर पडलं. फरशी गरम होती.

यात सांगण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल. मिनेसोटात एक जानेवारी काढून बघा. आमच्या खोलीत खिडकीखाली गरम हवा सोडणारं एक यंत्र होतं. ते कान भाजायचं आणि पाय गारठलेलेच ठेवायचं. कोरियात, मोक्पोला आमच्या घरी ऊब जमिनीतून येते. जेवणं झाली की आम्ही सगळे फरशीवर उताणे पडून पाठ शेकत गप्पा मारतो. बाबा दिवसभर सिटी बस चालवून आलेले असतात. पाठ टेकली की त्यांच्या तोंडून जो सुस्कारा निघतो, तो मी कॉलेजला आल्यापासून ऐकला नव्हता. इथे लोक घरातसुद्धा बूट घालून फिरतात. फरशी म्हणजे त्यांच्या लेखी रस्त्याचाच एक भाग.

खालून बहुधा वाफेचा पाइप जात असावा, कारण गरम पट्टी भिंतीच्या कडेकडेनं दारापर्यंत गेली होती आणि दाराकडे ती निवत जायची. मी इकडेतिकडे पाहिलं आणि आडवा झालो. पाठ टेकताच माझ्या तोंडून बाबांचा सुस्कारा निघाला. डोळ्यांत पाणी आलं ते मी वाफेच्या नावावर खपवलं.

त्या दिवसापासून मी फारच स्वच्छ राहू लागलो. वर्ग सुटला की टोपली घेऊन तळघरात. टोपलीत कधीकधी एकच रुमाल असायचा. मुलं यायची, मला ओलांडून मशीनपाशी जायची. (झोपलेल्याला ओलांडलं की त्याची उंची खुंटते, असं आमच्याकडे मानतात. मी आधीच बेताचा, म्हणून सुरुवातीला जीव घाबरायचा. मग म्हटलं, आता खुंटायला उरलंय काय?)

एक दिवस ट्रेव्हर आला. ट्रेव्हर म्हणजे माझा खोलीतला जोडीदार, बर्फातही अर्ध्या चड्डीत हिंडणारा.

"डॉन," तो म्हणाला. (माझं नाव दोंग-ग्युन. त्यानं पहिल्याच दिवशी त्याचं डॉन करून टाकलं.) "काय होतंय तुला?"

"काही नाही. बरं वाटतंय."

"अरे, तू जमिनीवर आहेस."

"म्हणून तर."

तो माझ्याशेजारी उकिडवा बसला, माझा खांदा थोपटला आणि थेट ऑफिसात जाऊन सांगून आला. मुलगा मनानं चांगला आहे, तीच तर अडचण.

दुसऱ्या दिवशी मार्लीनबाई अवतरल्या. विद्यार्थ्यांच्या मनाची काळजी घेणं हे त्यांचं काम. मला नुसतं मार्लीन म्हण, असं त्या सर्वांना सांगतात. मावशीच्या वयाच्या बाईला एकेरी नावानं हाक मारायची माझी छाती नाही, म्हणून मी त्यांना काहीच म्हणत नाही. मी धडपडत उठू लागलो, तर त्यांनी हातानं थांबवलं.

"पडून राहा बाळा. तुला जसं बरं वाटेल तसं." मग माझी टोपली उपडी घालून त्या तिच्यावर बसल्या. "कधीपासून चाललंय हे?"

"गेल्या मंगळवारपासून. त्याआधी जागा सापडली नव्हती."

"आणि इथे पडलं की काय वाटतं?"

"घरी असल्यासारखं," मी म्हणालो. म्हणजे म्हणणार होतो. 'घरी'पाशीच रडू फुटलं.

त्यांनी कागदी रुमाल पुढे केला. "हे बघ, एक सत्र घरी राहून ये. सगळी व्यवस्था मी करते. आत्ताच तुझ्या आईशी बोलू या."

घरी. उद्या-परवा घरी. पण दर रविवारी मी आईला सांगत होतो की खोली उबदार आहे, जेवण झकास आहे, मित्र इतके की अभ्यासाला वेळ होत नाही. बाबांनी तर बसमधल्या ओळखीच्या साऱ्या प्रवाशांना मुलाचं कॉलेज ऐकवलं होतं. असा अर्ध्यावर परतलो असतो, तर आईनं मला एका शब्दानं विचारलं नसतं आणि आतल्या आत झुरली असती.

"आईला इंग्रजी येत नाही," मी शेवटचा उपाय केला.

"मग मी बोलते, तू तिला सांग," बाई म्हणाल्या. चोराच्याच हातात किल्ल्या.

मोक्पोत सकाळ होती. फोनमधून मुळा चिरण्याचा आवाज येत होता.

"सांग त्यांना," बाई म्हणाल्या, "की तुमचा मुलगा रोज जमिनीवर पडून असतो. आम्हाला काळजी वाटते."

"आई, या आमच्या कॉलेजच्या बाई. म्हणतायत, अभ्यास छान चाललाय."

"एवढ्यासाठी सकाळी सकाळी फोन? काय फोडलंस?"

"काय म्हणाल्या?" बाईंनी विचारलं.

"तुमचे आभार मानतेय."

"विचार, घरीही तू असंच करायचास का?"

"आई, बाई विचारतायत, तू बरी आहेस ना?"

"माझं राहू दे," आई म्हणाली. "तुझा आवाज असा का येतोय? आडवा पडून बोलतोयस?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"फरशीवर आहेस?"

"हो."

चिरण्याचा आवाज थांबला. "गरम आहे?"

इथे मला खोटं जमलं नाही. "एवढीच पट्टी गरम आहे गं. आपल्यासारखी सगळी नाही. खोली तर नुसती बर्फ. आणि मित्र एकच आहे, त्यानंच माझी तक्रार केली."

बाईंना भाषा कळत नव्हती, पण त्यांनीही एक रुमाल घेतला.

"यायचंय का तुला घरी?" आईनं विचारलं.

"रोज."

"मलाही तू रोज हवा आहेस," आई म्हणाली. "पण असा रडत नको. सुट्टी लागली की ये. फरशी कुठे पळून जात नाही." मग आवाज बदलून म्हणाली, "त्या बाई कुठे बसल्यात?"

"टोपलीवर."

"वय काय त्यांचं?"

"तुझ्यापेक्षा मोठ्या असतील."

"आणि तू गरम जागेवर लोळतोयस? गरम जागा मोठ्यांची असते, हे तिकडे गेल्यावर विसरलास? ऊठ आधी."

मी ताडकन उठलो.

"काय म्हणाल्या?" बाई घाबरल्या.

पहिल्यांदाच मी खरं सांगितलं. "सुट्टीपर्यंत इथेच राहा म्हणाली. आणि तुम्ही मोठ्या, म्हणून ही जागा तुमची. बूट काढून झोपा."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, बूट काढले आणि आडव्या झाल्या. थोड्या वेळानं त्यांच्या तोंडून अगदी बाबांसारखा सुस्कारा निघाला. फोनवर आई म्हणाली, "हं, पोचली ऊब."

मला घरी पाठवायचा विषय तिथेच मिटला. पण बाईंनी ऑफिसात जाऊन फरशीची वाखाणणी केली, सोबत आईचा नियमही सांगितला. दुसऱ्याच दिवशी गुडघेदुखीवाल्या कॅशियरबाई आल्या. मग ग्रंथालयातले काका, मग स्वयंपाकघरातल्या दोघी. सगळे माझ्याहून मोठे, सगळे नियमाला पक्के. वयाप्रमाणे ओळीनं पडून गप्पा मारतात, कुणी घोरतं, आणि डोळे मिटले की क्षणभर मला मोक्पोला असल्यासारखं वाटतं. नंतर पाठ गार लागते आणि आठवतं की आपण दाराजवळ आहोत.

काल ट्रेव्हरही आला. मी आनंदानं सरकलो, म्हटलं निदान एक तरी माणूस माझ्यानंतर लागेल. जन्मतारीख विचारली. त्याचा जन्म डिसेंबरच्या अखेरचा, माझा त्यानंतर लागलेल्या जानेवारीचा. म्हणजे तो मोजून अकरा दिवसांनी, पण आमच्याकडे सगळ्यांचं वय एक जानेवारीला वाढतं, त्या हिशेबानं अख्ख्या वर्षानं मोठा.

सध्या माझे पाय दाराबाहेर असतात. मोजे घालून.