दिगूकाकांचा रिकामा छकडा

पायी चालणाऱ्याला टोल नव्हता. तरी केवळ टोल नाकारता यावा म्हणून दर रविवारी शेजाऱ्याचा छकडा उसना घेऊन नाक्यावर जाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे दिगूकाका. तो शेजारी म्हणजे मी. छकडा माझा, बैल माझा आणि नाक्यावर होणारी शोभाही बरीचशी माझीच.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. बदलापूर गावातून अंबरनाथकडे जाताना ओढ्यावर एक जुना दगडी पूल होता. पुलाच्या तोंडाशी ठेकेदाराचा आडवा बांबू, शेजारी झोपडी आणि झोपडीत बारकू नाकेदार. काका कोर्टातले पेन्शनर कारकून. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. "हे कलमात बसत नाही" हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. आमच्या हिनं चहात साखर कमी घातली तरी ते कलमात बसत नसे. माझं लग्न कुठल्या कलमात बसलं, असं तर त्यांनी मांडवातच विचारलं होतं.

अशा माणसाच्या हाती सरकारी कायदा लागला. लोकांच्या पैशानं आधीच बांधून झालेल्या रस्त्यांवर आणि पुलांवर यापुढे टोल घ्यायचा नाही! ठेकेदार म्हणे, "लेखी हुकूम येऊ दे, मग बघू." झालं. आठवडाभर काका वरती अर्ज पाठवत आणि रविवारी स्वतः जात.

"गाडीत काय हाय?" बारकू बांबूला टेकून विचारी.

"कायदा!" रिकाम्या छकड्यात ताठ बसून काका गरजत.

"कायद्याला येगळा दर न्हाय, काका. गाडी म्हंजे गाडी."

"पूल आधीच बांधलेला आहे. टोल घेणं कलमात बसत नाही."

"आनि सोडनं माज्या नोकरीत बसत न्हाय."

मागे उल्हासनगरच्या कँपातला एक सिंधी व्यापारी टांग्यात पापडांचे करंडे घेऊन खोळंबलेला असे. "अरे साईं, कायदा बाद में करो, मेरा पापड टूटता है!" मग मी छकडा बाजूला घेई. बैल माझं ऐके. तो एकटाच ऐके.

पुढे तिघं झोपडीसमोर बसायचो. बारकू तीन दगडांवर चहा टाकी. काका डब्यातून बेसनाचे दोन लाडू काढत. पहिल्या रविवारी मी मोठ्या आशेनं हात पुढे केला. एक लाडू काकांनी खाल्ला, दुसरा बारकूनं. माझा हात मी डोकं खाजवून परत आणला. असं तासभर भांडून, टोल न भरता, आम्ही घरी यायचो. पुलापलीकडे काका कधी गेलेच नाहीत.

एका रविवारी चहा ओतता ओतता बारकू म्हणाला, "काका, तुमी जिकलात तर ही झोपडीबी जाईल. ठेकेदाराचीच हाय ती. तिकडं गावाला, बारवीच्या डोंगरात, माजं आता कोन ऱ्हायलं न्हाय."

काकांनी त्या दिवशी लाडू अर्धाच खाल्ला. उरलेला अर्धा तरी माझ्याकडे येईल असं वाटलं. तो बैलाला गेला.

आणि हुकूम आला. बांबू निघाला. गावातली मंडळी हार घेऊन काकांच्या दारी जमली, तर आतून कडी. "तब्येत बरी नाही!" एवढंच उत्तर. हार वाया जाऊ नये म्हणून तो माझ्या गळ्यात पडला.

रविवारी सकाळी काका दारात हजर. "छकडा जुंप."

"आता कशाला, काका? टोल गेला की."

"तुला कलम दाखवू का? जुंप!"

बारकू झोपडीपुढे आपल्या वळकटीवर बसला होता. काकांनी त्याला उठवलं आणि वळकटी छकड्यात टाकायला लावली. मला, अर्थात.

"कुटं नेताय?"

"माझ्या घरी. ओटीवरची खोली रिकामी आहे."

"मी तुमचा कोन, काका? कुनच्या नात्यानं ऱ्हाऊ?"

"त्याला कलम लागत नाही," काका ओढ्याकडे बघत म्हणाले. "आणि लाडू मला एकट्याला संपत नाहीत."

बारकू चढून वळकटीवर बसला. मी बैल घराकडे वळवणार, तोच काका म्हणाले, "आधी पलीकडे जाऊन येऊ. तो पूल बघायचाच राहिलाय."

बैल निघाला आणि बांबू होता नेमका तिथं येऊन थबकला. चुचकारलं, शेपटी पिरगाळली, ढिम्म. हुकूम त्याला कुणी वाचून दाखवला नव्हता. समोर सगळा पूल मोकळा आणि आम्ही तिघं छकड्यात बसून.

मग मागून, वळकटीवरून, बारकूनं हळूच विचारलं, "गाडीत काय हाय?"

काकांनी घसा साफ केला.

"घरचं माणूस."

"मंग जाऊ द्या," बारकू म्हणाला.

आणि बैल चालू लागला.