मोघेसर आणि नकाशावरची रेघ

मोघेसरांना "चहा की कॉफी?" एवढं विचारलं, तरी ते आधी अमेरिकेत जाऊन येतात. "एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथंही हाच पेच होता," ते सुरू करतात. "आधी देश, की आधी आपला प्रांत?" तोवर चहा निवतो.

सर सौदीत धाहरानजवळच्या एका शाळेत अमेरिकेचा इतिहास शिकवतात आणि आमच्या शेजारी एकटेच राहतात. कंपाउंडमधल्या पोरांचं क्रिकेटवरून वाजलं की दारातून म्हणतात, "उत्तर, दक्षिण, यल्ला, चला, तडजोडीला बसा."

दर शुक्रवारी इथली मराठी घरं अंगणात एकत्र जेवतात. मध्यंतरी कुलकर्णीवहिनींनी सुचवलं, शाकाहारी टेबल मटणमाशांच्या टेबलापासून पार त्या टोकाला नेऊ. रत्नागिरीच्या परकारभाभी शांतपणे म्हणाल्या, "मग आमचा शुक्रवारच वेगळा करतो. तुम्हाला त्रास नको."

सर उठले.

"अमेरिकेतही पुढाऱ्यांनी नकाशावर रेघ मारली होती. रेघेच्या वर गुलामगिरी नाही, खाली चालेल. वाटलं, भांडण मिटलं. पण उत्तरेतले फक्त उत्तरेचे झाले, दक्षिणेतले फक्त दक्षिणेचे. शेवटी युद्ध पेटलं."

"सर, आपण जेवणाच्या टेबलाबद्दल बोलतोय," माझा नवरा म्हणाला.

"मीही तेच बोलतोय."

मग त्यांनी घरातून स्वतःचं टेबल ओढत आणलं, दोन्ही टेबलांच्या मधे लावलं आणि त्यावर आपण केलेली आमटी ठेवली. ती इतकी बेचव होती की वहिनी मीठ घेऊन आल्या आणि भाभी कोकम. "थोडा गूळ घालू का?" वहिनींनी विचारलं. "घाला की," भाभी म्हणाल्या. आमटीवर महाराष्ट्राचं एकमत झालं. टेबलं कुणी हलवली नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सरांकडे शिरा घेऊन गेले. ते ह्यूस्टनच्या धाकट्या मुलीशी स्पीकरवर बोलत होते. मला त्यांनी बसायची खूण केली.

"ताईशी बोललीस का गं?"

"बाबा, तो विषय नको."

मग हवापाण्याचं बोलून तिनं फोन ठेवला. सरांनी लगेच नाशिकला, थोरलीला तसाच स्पीकरवर फोन लावला.

"अगं, आत्ताच तिच्याशी बोललो. तुझ्या गुडघ्याची फार चौकशी करत होती."

पलीकडून बारीक आवाजात, "खरंच विचारलं तिनं?"

"हो तर," सर म्हणाले. माझ्याकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.