आला नाही मेला अजून

एका जंगलात, आपल्या नव्हे, पलीकडच्या, कारण आपल्यातली पोरं कुठं वाचतायत, तर तिथं साळिंदराची एक पोर राहायची. नाव शेवंती. बसा नीट मेल्यांनो, मांडी घाला. आणि त्या बारक्याचं नाक पुसा कुणीतरी.

शेवंतीला पुस्तकाचं वेड. एकाच. 'सुपावरचा खवल्या'. सहा भाग झाले होते त्याचे. खवल्या म्हणजे खवल्या मांजराचं पोर. ते सुपात बसून उडायचं आणि राक्षसांशी लढायचं. आता सूप हे पाखडायला असतं की उडायला? पण पोरांना सांगतो कोण! जंगलातलं पोरगं न् पोरगं पाठीला सूप बांधून हिंडायचं. आयांना पाखडायला सूपच उरलं नाही. घरोघरी खड्यांसकट भात.

शेवंतीची जिवाची मैत्रीण होती मुंगसाची दुरपी. शेवंतीच्या काट्यांत पाला अडकला की तो काढायची हिंमत जंगलात एकट्या दुरपीची. बाकीचे लांबूनच सांगायचे, "अडकलाय बघ."

सातवा भाग आला. शेवटचा. दोघींनी एकाच पुस्तकात डोकी घालून वाचला. खवल्या राक्षसाच्या गुहेत शिरला. पान उलटलं. शेवटची ओळ होती:

आई भाकरी घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली आला नाही मेला अजून

बस. ना टिंब, ना टोपी.

झालं होतं असं, की पुस्तकं लिहायची आवडाबाई घोरपड. ती नुसती अक्षरं लिहायची. मधली टिंबं न् स्वल्पविरामाच्या शेपट्या बगळे मास्तर घालून द्यायचे. आणि यंदा मास्तरांना सरकारनं मुंग्यांच्या शिरगणतीला धाडलेलं. अजून मोजतायत. मुंग्या एका जागी उभ्या राहतात होय!

"आला!" शेवंती नाचायला लागली. "नाही मेला अजून!"

"कुठं आला?" दुरपीनं हंबरडा फोडला. "आला नाही. मेला!"

"मग 'अजून' कशाला लिहिलंय?"

"अजून रडायला!"

"डोळे तपासून घे जा."

"तू डोकं तपास. बाहेर काटे आहेत तसे आतही असतील."

तिथून जे पेटलं! आठ दिवसांत जंगलाचे दोन तट. एक आलेवाले, एक मेलेवाले. आलेवाल्यांनी खवल्याला ओवाळायला ताटं तयार ठेवली. मेलेवाल्यांनी दहावा घातला. पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. शिवणार कसा? तो आलेवाला होता. फांदीवर बसून म्हणतो, "जिवंत माणसाचा पिंड मी खात नाही. आमच्यात चालत नाही."

सिंहमहाराजांकडे तक्रार गेली. त्यांनी ती ओळ सात वेळा वाचली. मग विचारलं, "यात माझं नाव कुठंय?" नाही म्हटल्यावर झोपले.

इकडे शेवंतीच्या पाठीवर इतका पाला साठला, की कोंबड्या उकिरडा समजून उकरायला यायच्या. त्याचं तिला काही नव्हतं. पण दुरपीचा निरोप आला, "मी नदीपल्याड मावशीकडे चालले. कायमची. तिकडे सगळे मेलेवाले आहेत." तेव्हा मात्र शेवंती ताडकन उठली. ती धावत आवडाबाईकडे गेली.

आवडाबाई उन्हात पोट शेकत पडली होती.

"आजी, खरं सांगा. खवल्या आला का मेला?"

"कोण मेलं गं?"

"तुमच्या पुस्तकात! शेवटी!"

"अगं माझे बाई! तुला घरी यायला उशीर झाला की तुझी आई काय म्हणते?"

"म्हणते, मेली कुठं उलथलीय कुणास ठाऊक."

"मग तू मेलीस का?"

"नाही."

"तसंच ते. भाकरी गार होतेय, कार्टं यायचंय, आई वैतागलीय. आला नाही, मेला, अजून! येईल की मागनं."

"मग मध्ये शेपट्या का नाही दिल्यात?"

"शेपट्या तिसरीत शिकवतात. मी दुसरीतच शाळा सोडली."

शेवंतीनं म्हातारीला ओढतच नदीवर नेलं. दुरपी डोक्यावर बोचकं घेऊन पाण्यात पाय घालणार, एवढ्यात दोघी पोचल्या. आलेवाले, मेलेवाले, सगळे जमले. आवडाबाईनं अर्थ सांगितला. उशीर, भाकरी, वैताग. सगळं.



मग दुरपी म्हणाली, "म्हणजे सात भाग वाचले, सहा राक्षस मारले, आणि शेवटी काय, तर भाकरी गार?"

"तसंच असतं गं पोरी," आवडाबाई म्हणाली.

"आजींना पुस्तक कळलेलंच नाही!" दुरपी ओरडली. आणि तिनं शेवंतीकडे बघितलं. भांडणानंतर पहिल्यांदाच.

शेवंतीला ठाऊक होतं, आजीचंच खरं. शब्द अगदी ओठांवर आला होता. पण दुरपीनं डोक्यावरचं बोचकं उतरवून काठावर ठेवलं होतं.

"नाहीतर काय!" शेवंती त्याहून मोठ्यांदा ओरडली. "यांना काय कळतंय! तिसरीसुद्धा नाही झाल्या!"

आलेवाल्यांनी टाळ्या पिटल्या. मेलेवाल्यांनी शिट्ट्या मारल्या. कावळा मेलेवाल्यांच्या मांडीवर जाऊन बसला.

"अरे पण लिहिलंय मीच ना?" आवडाबाई म्हणाली.

"म्हणूनच!" सगळं जंगल एका सुरात ओरडलं, आणि पोरांनी तिला सुपानं बडवत पार तिच्या बिळापर्यंत पोचवलं.

शेवंती आणि दुरपी आता गळ्यात गळा घालून आठवा भाग लिहितायत. पहिल्याच पानावर एक म्हातारी घोरपड मरते. कुणाला शंका राहू नये म्हणून तीनदा मरते.

तात्पर्य: पोरांनो, नेहमी खरं बोलावं. खऱ्यानं भांडणं मिटतात. दोन्ही बाजू मिळून तुमच्याच मागे लागतात, मग आपसांत भांडायला त्यांना वेळ कुठला?