माझ्या दिव्यामागून आलेली वरात

सायकलच्या पुढच्या दिव्याबद्दल आमच्या पंचक्रोशीत कुणाला काही विचारायचं असेल, तर त्याने सरळ माझ्याकडे यावं. मी वेंग क्वांग, च्याई जिल्ह्यातल्या किनाऱ्याकडच्या कालव्यावरचा पाटकरी. रोज सकाळी सायकलवरून बांधाबांधाने फिरायचं, कालव्याची दारं उघडायची, मत्स्यतळ्यांना पाणी सोडायचं, हे माझं काम. आमच्याकडे हिवाळ्यात धुकं असं पडतं की आपल्याच सायकलचं पुढचं चाक कुणा दुसऱ्याचं असल्यासारखं वाटतं.

अशाच एका सकाळी मासे नेणाऱ्या एका टेम्पोने मला कालव्यात पाडलं. मी स्वतः सोडलेल्या पाण्यात मी स्वतः गटांगळ्या खाल्ल्या. ड्रायव्हर भला माणूस होता. त्याने मला कॉलरला धरून वर ओढलं आणि अगदी मनापासून सांगितलं की मी त्याला दिसलोच नाही. मी त्याला माफ केलं, पण मनाशी ठरवलं की यापुढे या तालुक्यात 'दिसला नाही' असं म्हणायची कुणाची टाप होता कामा नये.

त्याच दिवशी मी शहरात जाऊन दुकानातला सगळ्यात जबर दिवा आणला. लुकलुकणारा. दुकानदाराने समजावून सांगितलं की नुसत्या जळत्या दिव्यापेक्षा लुकलुकणाऱ्याकडे माणसाचं लक्ष लवकर जातं, म्हणून दिवसाही लावून ठेवा. मात्र दिव्याचं तोंड जरा रस्त्याकडे झुकवा, समोरच्याच्या डोळ्यांत मारू नका. यातलं पहिलं मी लक्षात ठेवलं.

घरी येऊन अंगणात दिवा लावून दाखवला. माझी बायको यू-च्यान दारात उभी होती, ती डोळ्यांवर पदर घ्यावा तसा ॲप्रन घेऊन आत पळाली. माझी थोरली बहीण, चिनताई, आमच्याकडेच राहते आणि बदकं पाळते. पन्नाशीला आलेली, लग्न न केलेली, आणि ते न केल्याचा आनंद चेहऱ्यावर स्पष्ट दिसणारी. तिने मान वळवून दिव्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "छान आहे. विमानं उतरवणार आहेस का?"

शोध लावणाऱ्यांना घरच्यांनी कधी ओळखलं आहे?

दुसऱ्या दिवशी पहाटेची कामं आटोपून मी मोठ्या रस्त्यावरून परत येत होतो. धुकं दाट होतं. माझा दिवा लुकलुकला की पुढचं सगळं धुकं पांढरं पेटायचं, विझायचं, पुन्हा पेटायचं. जणू मी एका भल्यामोठ्या कंदिलाच्या पोटात बसून सायकल चालवत होतो. फाट्यापाशी सहा काळ्या गाड्या कडेला थांबलेल्या दिसल्या. मी त्यांच्यासमोरून बांधाच्या रस्त्यावर वळलो आणि मागे इंजिनं सुरू झाल्याचा आवाज आला.

सहाही गाड्या माझ्या मागे आल्या.

एकही हॉर्न नाही. एकाचाही पुढे काढण्याचा प्रयत्न नाही. मी सावकाश गेलो की त्या सावकाश, मी खड्डा चुकवला की त्या ओळीने तोच खड्डा चुकवायच्या. माझी छाती फुगली. इतकी वर्षं सायकल चालवली, पण मोटारवाल्यांकडून असा मान कधी मिळाला नव्हता. म्हटलं, हा दिव्याचा प्रताप. मी मागे न बघता हात उंचावून त्यांचे आभार मानले. मागून पहिल्या गाडीने दिवे मिचकावून उत्तर दिलं.

आता मला जे नंतर कळलं ते इथेच सांगून टाकतो. ती वरात होती. मुलगा ताइपेचा, पोयेन त्याचं नाव, आणि मुलगी कालव्यापलीकडच्या वस्तीतली. आमचे बांध फोनच्या नकाशात नीट दिसत नाहीत. नकाशावर भरवसा ठेवला की माणूस थेट माशांच्या तळ्यात जातो. म्हणून मुलीच्या वडिलांनी निरोप दिला होता: फाट्यावर लुकलुकता दिवा घेतलेला माणूस असेल, त्याच्या मागून या, त्याला सोडू नका. तो माणूस, म्हणजे मुलीचा भाऊ, पुढच्या फाट्यावर देवळापाशी उभा होता. त्यांना आधी मी दिसलो. दिसणारच.

पहिल्या गाडीत मुलाचे मामा बसले होते. तेंगमामा. आमच्याकडे लग्नात मामाचा शब्द शेवटचा. पण हे मामा जन्मभर उत्तरेत राहिलेले, त्यामुळे दक्षिणेकडे काहीही वेगळं दिसलं की ती इथली रीत असणार, असं त्यांनी निघतानाच सगळ्यांना बजावलं होतं. नावं ठेवायची नाहीत, हसायचं नाही, जे करतील ते करायचं.

वाटेत एक दार उघडायचं राहिलं होतं. मी उतरलो आणि चाक फिरवून कालव्याचं पाणी सोडलं. गाड्या थांबल्या. मामा उतरले, पाठोपाठ सुटाबुटातला एक तरुण उतरला, आणि दोघांनी पाण्याला कमरेत वाकून नमस्कार केला. मला बरं वाटलं. पाटबंधारे खात्याला इतका आदर शहरातली माणसं देतात हे मला माहीत नव्हतं. मीही वाकलो.

पुढे सोयाबीनचं दूध आणि तळलेल्या कणकेच्या कांड्या विकणारी गाडी लागते. मी नेहमीप्रमाणे घरच्यांसाठी नाश्ता घेतला. मामांनी सगळ्या वरातीसाठी घेतला. विक्रेतीने विचारलं की आज काय विशेष, तर मी म्हणालो की नवीन दिवा घेतलाय. तिने गाड्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मला एक कांडी जास्त दिली.

आमच्या घराकडे वळल्यावरही गाड्या मागेच राहिल्या, तेव्हा मात्र मला थोडं चमत्कारिक वाटायला लागलं. हा रस्ता आमच्या अंगणात संपतो. त्यापुढे बदकांचं कुंपण, आणि मग तळं. मी सायकल भिंतीला लावली. दिवा चालूच होता. सहा गाड्या अंगणात आणि बांधावर एकामागे एक येऊन थांबल्या आणि कुणीच उतरेना.

मी थांबलो. ते थांबले. काचेआडून तो तरुण माझ्याकडे बघून हसत होता.

रीत अशी असते की मुलीकडच्या कुणीतरी तबकात संत्री घेऊन यायचं, नवऱ्या मुलाने त्यांना हात लावायचा, तबकात पैशांचं लाल पाकीट ठेवायचं आणि मगच गाडीतून पाय बाहेर टाकायचा. ते बिचारे तबकाची वाट बघत होते. आणि नेमकी त्याच वेळी यू-च्यान खुराड्यामागून बदकांची अंडी घेऊन आली. तबकात.

गाडीची काच खाली झाली. आतून मामांचा दबका आवाज आला, "अंडी. इकडची रीत असेल. हात लाव."

मुलाने दोन अंड्यांना अगदी हळुवार हात लावला, तबकात लाल पाकीट ठेवलं आणि गाडीतून उतरला. यू-च्यान माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अहो, ही माणसं अंडी विकत घेताहेत की नुसती हात लावण्याचेच पैसे देताहेत?"

मी म्हणालो की बहुतेक दिव्याचं काहीतरी असावं. त्या क्षणी मला सगळंच दिव्याचं वाटत होतं.

आणि मग कुणीतरी शेवटच्या गाडीतून फटाक्यांची माळ काढली.

आमच्या बदकांनी आयुष्यात फटाका ऐकलेला नव्हता. माळ कडाडली आणि पुढच्या क्षणी कुंपण जिथे होतं तिथे नव्हतं. बदकं गाड्यांखालून गेली, गाड्यांवरून गेली, एक तर उघड्या काचेतून आत जाऊन एका आत्याबाईंच्या मांडीवर बसलं. धूर, धुकं, पिसं, आणि या सगळ्यावर माझा दिवा लुकलुकतोय. प्रत्येक लुकलुकीला चित्र बदलायचं. एकदा बदक जमिनीवर, पुढच्या वेळी आत्याबाईंच्या डोक्यावर.

या गोंधळात चिनताई घरातून बाहेर आली. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, डोक्याला फडकं, हातात कोंड्याची बादली.

पोयेनने फोटो चांगले यावेत म्हणून चष्मा गाडीतच ठेवला होता. समोर बाई आहे एवढंच त्याला दिसलं. त्याने गुडघा टेकला, पुष्पगुच्छ पुढे केला, मान खाली घातली आणि आठवडाभर पाठ केलेलं एका दमात म्हणून टाकलं, "मला यायला उशीर झाला असेल, पण मी आलोय. तुझा राग, तुझा रुसवा, तुझं म्हातारपण, सगळं मी सांभाळेन. फक्त एकदा हो म्हण."

चिनताईने पुष्पगुच्छ घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि बादलीत उभा ठेवला.

"बोलतोस छान," ती म्हणाली. "म्हातारपणाचं तर फारच आवडलं. पण बाळा, तू कोण?"

मुलाने मान वर केली. डोळे बारीक केले. मग तो जो रंग बदलत गेला तो मी कधी विसरणार नाही.

तेवढ्यात मामांचा फोन वाजला. मुलीचे वडील होते. कुठे पोचलात असं ते विचारत असावेत, कारण मामा अभिमानाने म्हणाले, "तुमच्या दारात. सगळं रीतीप्रमाणे चाललंय. मुलगी बाहेर आली आहे, हातात बादली आहे."

ते वडील इतक्या मोठ्याने बोलले की आम्हा सगळ्यांना ऐकू आलं, "आमची मुलगी माझ्यासमोर बसून रडते आहे. तिला वाटतंय तुमचा मुलगा पळून गेला."

मामा मटकन गाडीच्या पायरीवर बसले. घरात शिरायचा मुहूर्त टळायला आला होता. तो टळला तर मुलीची आजी लग्नच पुढे ढकलेल, आणि पुढचा चांगला दिवस पावसाळ्यानंतर. गाड्या मागे घ्यायच्या म्हटलं तर बांध अरुंद, आणि प्रत्येक चाकाखाली एक बदक. पोयेन आपल्या रिकाम्या हातांकडे बघत उभा होता. इतका वेळ मला हे सगळं गमतीचं वाटत होतं. त्याच्याकडे बघून ते वाटेनासं झालं. माझ्याच मागे आला होता पोरगा.

पलीकडची वस्ती आमच्या घरामागच्या साकवावरून अगदी जवळ आहे. पण साकवावरून फक्त सायकल जाते.

मी म्हणालो, "बस मागे."

चिनताईने बादलीतून पुष्पगुच्छ काढला, कोंडा झटकला आणि त्याच्या हातात दिला. "आता म्हणशील ते चष्मा लावून म्हण," एवढंच बोलली, आणि स्वतः गाडीतून त्याचा चष्मा आणून त्याच्या नाकावर बसवला.

मग मी सायकल हाणली. मागे नवरा मुलगा, एका हातात फुलं, दुसऱ्या हाताने माझा पट्टा धरलेला. साकव ओला होता. पुढे काही दिसत नव्हतं, पण समोरून कोळंबीची पोती घेऊन येणाऱ्या एका म्हाताऱ्याला आम्ही दिसलो आणि तो वेळेवर कठड्याला चिकटला. त्याने दिलेल्या शिव्या पोयेनला कळल्या नाहीत, कारण त्या दक्षिणेकडच्या होत्या. मी त्याला सांगितलं की आशीर्वाद देतोय.

मुलीच्या अंगणात आम्ही शिरलो तेव्हा सगळी माणसं दारात उभी होती. धुक्यातून लुकलुकत काहीतरी येताना पाहून आजीबाईंना वाटलं, रुग्णवाहिका आली. त्या काठी आपटून म्हणाल्या, "परत पाठवा तिला. मी अजून आहे." मग पांढऱ्या झोतातून कोंड्याने माखलेला नातजावई बाहेर पडला. मुलगी रडं विसरून धावत आली, त्याच्या हातातला पुष्पगुच्छ हिसकावून तिने त्याच्या खांद्यावर दोन फटके मारले, मग गुच्छ नाकाशी नेला आणि विचारलं की याला बदकांच्या खाण्याचा वास का येतोय. तो काहीतरी सांगू लागला. गोष्ट बादलीपर्यंत आल्यावर ती हसायला लागली, ती थांबेचना. आजीबाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि दोघांना ढकलतच आत नेलं.

संत्र्यांचं तबक घेऊन कुणीतरी माझ्यापुढेही आलं. मी घाईघाईत एक संत्रं घेऊन खाल्लं. तसं करायचं नसतं हे मला ठाऊक होतं, पण धाप लागली होती.

परत आलो तेव्हा मामा आमच्या अंगणात बसून यू-च्यानच्या हातची भाताची पेज खात होते. लाल पाकीट परत घ्यायला ते काही तयार होईनात. दिलेलं परत घेणं अशुभ, म्हणाले. दुपारपर्यंत गाड्या कशाबशा निघाल्या. बदकं मात्र गेली होती ती गेलीच. तळ्यांवर, बांधांवर, शेजाऱ्यांच्या छपरांवर पांगलेली. चिनताईने हाका मारल्या, कोंडा दाखवला, शिव्या दिल्या. एकही येईना. मी तिच्यासमोर उभा राहून पायाने माती उकरत होतो.

दिवस कलताना तिने माझ्या सायकलवरचा दिवा काढला आणि बांधावर जाऊन हातात धरला. दिवा लुकलुकायला लागला. आणि धुक्यातून, एकेक करून, मग दहा-दहाने, बदकं तिच्याकडे पोहत यायला लागली. शेवटी तर आमची नव्हती तीही आली.

तेव्हापासून दिवा बदकांकडे आहे. मी परत मागून पाहिला. यू-च्यान म्हणाली, "अहो, बदकं अंडी देतात."

त्यामुळे सध्या धुक्यातून जाताना मी तोंडानेच "आलो, आलो" असं ओरडत जातो. लोक बाजूला होतात. पण दिव्याबद्दल कुणाला काही विचारायचं असेल, तर त्याने आता चिनताईला भेटावं. संध्याकाळी ती बांधावर असते.