कथेत गेलेली सोजर

निवृत्त माणसानं पिंपळे गुरवच्या बागेत बसून गुडघ्यांची चर्चा करावी, असा रिवाज आहे. ज्योतीरामनं मात्र कथा लिहायचं ठरवलं. फेसबुकच्या ‘कथाकट्टा’ ग्रुपवर रोज कुणीतरी लिहायचं आणि शेकडो लोक रडायचे. (ज्योतीराम धरून.) शाळा जेमतेम झालेली, तरी त्यानं दुपारभर एका बोटानं टाईप केलं.

गोष्ट साधी. म्हातारी जाते, म्हातारा एकटा उरतो. म्हातारीला घरातलंच नाव दिलं, सोजर. सोबत फोटो हवा, म्हणून लग्नाच्या वाढदिवसाचा लावला. त्यातून स्वतःला कापलं; उरली हार घातलेली बायको.

संध्याकाळी बेल वाजली. सोजरबाईंनी दार उघडलं. शेजारच्या विमलबाई पिठलं-भाकरीचा डबा घेऊन उभ्या, डोळ्यांत पाणी. सोजरबाईंना बघताच डबा हातातून सुटला.

“वहिनी, तुम्ही?”

“मग कोन असनार? माझंच घर हाय.”

“अहो, तुम्ही गेलात ना! ग्रुपवर सगळे श्रद्धांजली वाहतायत. आज तुमच्याकडे चूल पेटायची नाही, म्हणून मी...”

सोजरबाईंनी त्यांच्या फोनमधला आपला फोटो पाहिला.

“आवो, मला मारलं? काढा ते आधी!”

“न्हाई काढणार.” सायबापुढं आणि सोजरपुढं जन्मभर मान डोलावलेल्या ज्योतीरामचा आवाज चढला. (म्हणजे दारापर्यंत ऐकू गेला.) “गोष्ट हाय ती.”

“निदान जित्ती तरी करा!”

“मग गोष्टीत राह्यलं काय? चाकणला कारखान्यात तीस वर्षं दुसऱ्याच्या ड्रॉइंगपरमाणं पार्ट काढले. ह्यो एकच माझ्या मनानं काढलाय. एक अक्षर बदलणार न्हाई!”

सोजरबाई आपला फोन घेऊन बसल्या, गोष्ट शेवटपर्यंत वाचली, पदरानं डोळे टिपले. ज्योतीराम जिंकल्यासारखा खुर्चीत टेकला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. गोष्टीखाली नवी कमेंट होती:

“मी सोजर. जिवंत आहे. गोष्ट चांगली आहे. पण म्हातारा रोज चहा करून बायकोच्या फोटोपुढे ठेवतो, ते काही पटलं नाही.”

बघता बघता त्या कमेंटला गोष्टीपेक्षा जास्त लाइक पडले.

“पटलं न्हाई? आत्ता करून दावतो!” ज्योतीराम ताडकन उठून स्वयंपाकघरात शिरला. भांडी दणादण वाजली. मग सामसूम. बऱ्याच वेळानं आतून बारीक आवाज आला,

“सोजर, ह्यातलं चहाचं भांडं कुठलं गं?”